हाताने बनवलेल्या जुन्या छोट्या सर्कशी जमवायच्यात? नाशिकमधून सुरुवात कशी करायची

सर्कसचं मॉडेल म्हणजे तंबू, रिंगण, झोके, पिंजऱ्याच्या गाड्या, हत्ती, घोडे, जोकर, बँडवाले असा सगळा लवाजमा कोणीतरी हाताने छोट्या आकारात घडवलेला. आपल्याकडे हा छंद असलेली माणसं फार कमी, त्यामुळे सांगणारं कोणी भेटत नाही, मग नवीन माणूस सरळ दुकानात जातो, "अँटिक आहे साहेब" हे ऐकतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते आधीच सांगते, एका माणसाचा हात ओळखायला शिका आणि त्या हाताचं काम एकत्र ठेवा. सुटे सुंदर हत्ती कोणीही जमवतो, पण एका माणसाने वर्षानुवर्षं बसून केलेली सर्कस एकदा फुटली, हत्ती एकीकडे आणि जोकर दुसरीकडे गेले, की ती परत जुळत नाही.

पहिलं काम: बघणं. खरेदी नंतर.

काही महिने काहीही विकत घेऊ नका, डोळा तयार करा. जगात या छंदाचं मोठं काम अमेरिकेत झालंय, तिथे सर्कस मॉडेल बनवणाऱ्यांची संघटना १९३६ पासून आहे. फ्लोरिडात सारासोटाच्या रिंगलिंग म्युझियममध्ये हॉवर्ड टिबल्सनी केलेली सर्कस आहे, खऱ्या सर्कशीच्या एका फुटाला मॉडेलमध्ये पाऊण इंच या मापाने, आणि त्यात स्वयंपाकाच्या तंबूपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत सगळं आहे. रिंगलिंग सर्कसने स्वतःचं नाव वापरायला परवानगी दिली नाही म्हणून त्यांनी तिला स्वतःच्या नावावरून हॉवर्ड ब्रदर्स सर्कस म्हटलं. व्हरमाँटच्या शेलबर्न म्युझियममध्ये एडगर कर्क नावाच्या रेल्वेतल्या ब्रेकमनने मुलांसाठी कोरलेली सर्कस आहे, पायाने चालवायची करवत आणि खिशातला चाकू एवढ्यावर केलेली. आणि अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराने १९२६ ते १९३१ मध्ये तार, बूच, चिंध्या यांची जी सर्कस केली ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमकडे आहे, तो ती सुटकेसमध्ये भरून न्यायचा आणि स्वतः हाताने खेळ करून दाखवायचा. या तिन्हींचे फोटो आणि व्हिडिओ ऑनलाइन मिळतात, एकेक फोटो मोठा करून बघा. पेंट कुठे उडालाय, सांधा कसा केलाय, हात-पाय कुठे जोडलेत ते बघायचं, निव्वळ "किती छान" म्हणून पुढे सरकायचं नाही.

इथलं बघायचं तर मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम, तिथल्या मातीच्या छोट्या आकृत्यांवरून जुने कारागीर चेहरा, पगडी, धोतराची चुणी कशी करायचे ते कळतं (जाण्याआधी उघडं आहे का तेवढं विचारून घ्या). पुण्याचं राजा केळकर म्युझियम तर आहेच. आणि नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनची संस्था, तिथे जुन्या मासिकांची, वर्तमानपत्रांची चौकशी करा, सर्कशीच्या जाहिराती आणि फोटो सापडले तर त्यातून त्या काळचा तंबू, पोशाख, झोके कसे होते ते कळतं. मॉडेल खरं जुनं आहे का हे ठरवायला हे फार उपयोगी पडतं.

थोडा इतिहासही माहीत पाहिजे, तो तर आपल्या मराठी माणसाचाच आहे. १८७९ मध्ये कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस हिंदुस्थानात आली, आणि त्यानंतर लगेच १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढे सांगली-तासगाव भागातून कितीतरी सर्कशी निघाल्या. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-सिंहांचे ट्रेनर म्हणून थेट अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कसपर्यंत पोचले. ज्यांच्या गावात तंबू पडायचा त्यांच्याच घरात कोणीतरी आजोबा, मामा, शेजारचे सुतार रात्री बसून मुलांसाठी वाघाचा पिंजरा करायचे. भारतीय मॉडेल हे असं घरातून आलंय, कारखान्यातून फार कमी.

मग ठरवा, नक्की काय जमवायचं

ढोबळमानाने तीन वाटा आहेत. एक, परदेशी कंपन्यांच्या जुन्या सर्कशी, त्यात सगळ्यात प्रसिद्ध फिलाडेल्फियाच्या शोनहट कंपनीची हम्प्टी डम्प्टी सर्कस, १९०३ ते १९३५ अशी बनली, लाकडी प्राणी आणि जोकर, आतून इलॅस्टिकची दोरी ओवलेली त्यामुळे हात-पाय वळवून शिडीवर, खुर्चीवर कसेही उभे करता येतात. सुरुवातीच्या प्राण्यांना काचेचे डोळे, नंतरच्यांना रंगवलेले. या वाटेवर पुस्तकं, कॅटलॉग, किमती सगळं मिळतं, पण मागवताना शिपिंग आणि कस्टमचा खर्च वस्तूच्या बरोबरीला येऊ शकतो, आणि १९३५ नंतरही या सर्कशीच्या नव्या आवृत्त्या निघाल्यात हे लक्षात ठेवा.

दुसरी वाट, आपल्याकडच्या खेळणी कारागिरांचे सुटे नग. सावंतवाडीचे लाकडी, चन्नपट्टणचे लाखेचे, कोंडपल्लीचे, लखनौ-कृष्णनगरचे मातीचे. यात हत्ती, घोडे, माहूत, डोंबारी, कसरतपटू असे नग मिळतात पण पूर्ण सर्कस क्वचित.

तिसरी वाट घरी बनवलेल्या सर्कशींची. माझं मन या तिसऱ्यावरच आहे. कॅटलॉग नाही, ठरलेली किंमत नाही, बनवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा घराबाहेर कोणाला माहीत नसतं, आणि आत्ता जमवली नाही तर वाडा पाडताना ती डंपरमध्ये जाणार आहे. नवीन माणसाने सुरुवात दुसऱ्या वाटेने करावी, हात बसतो, पैसे फार अडकत नाहीत, आणि डोळे उघडे ठेवून तिसऱ्याची वाट बघावी.

माप समजून घ्या

सर्कसचं रिंगण जगभर ४२ फुटांचं, आधुनिक सर्कस सुरू करणाऱ्या इंग्लंडच्या फिलिप ॲस्टलीच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून. घोडा गोल पळताना त्यावर उभं राहणाऱ्या माणसाला तोल सांभाळायला तेवढा व्यास सोयीचा पडतो. यावरून तुम्हाला कुठल्याही मॉडेलचं माप काढता येतं. टेप घेऊन रिंगण मोजा. साडेदहा इंच भरलं तर फुटाला पाव इंच, २१ इंच भरलं तर फुटाला अर्धा इंच, साडेएकतीस भरलं तर पाऊण इंच, आणि ४२ इंच म्हणजे फुटाला इंच. अर्ध्या इंचाच्या मापात साडेपाच फुटी रिंगमास्टर पावणेतीन इंचाचा हवा, आणि नऊ फुटी हत्ती साडेचार इंचाचा.

घरगुती भारतीय मॉडेल यात बसेलच असं नाही, बसत नाहीच बऱ्याचदा, जोकर हत्तीच्या कानाएवढा असतो नाहीतर वाघ घोड्यापेक्षा मोठा. त्यात दोष काही नाही. पण मापं विस्कटलेली दिसली की एक प्रश्न स्वतःला विचारायचा, की हे एकाच माणसाने असंच केलंय का विकणाऱ्याने चार ठिकाणचे नग एकत्र करून "पूर्ण सर्कस" बनवलीय? त्याचं उत्तर खाली येतंय.

नाशिकमध्ये शोधायचं कुठे

जुनं नाशिक. दहीपूल, भांडी बाजार, सराफ बाजार, तिवंधा, भद्रकाली हा सगळा पट्टा पायी फिरा, गाडी लांब लावा. भांडी बाजारात जुन्या पितळेचे दुकानदार मोडीत आलेलं सामान वजनावर घेतात, त्यात भातुकलीबरोबर छोटे हत्ती-घोडे, चाकावरचे प्राणी येतात आणि ते वितळवायला जायच्या आत बघायला मिळाले तर मिळाले. दुकानदाराला तुमचा नंबर देऊन ठेवा आणि "खेळण्यातलं काही आलं तर फोन करा" एवढंच सांगा, सर्कस शब्द काढू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात प्रत्येक हत्ती सर्कसचा होतो. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, तिथे जुनं सामान मांडून बसलेलं कोणी दिसलं की थांबून खोकी बघायची सवय लावा. पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवारी असतो, आणि मुंबईचा चोर बाजार तर आहेच, पण तिथे भाव मुंबईचे आणि "अँटिक" बनवून देणारेही तिथेच.

खरा माल मात्र बाजारात येतच नाही, तो माळ्यावर असतो. वाडा रिकामा होतोय असं कळलं की त्या घरच्या लोकांशी बोला, भंगारवाल्याच्या आधी. घाई करायची नाही. आजी-आजोबा असतील तर त्यांच्यापाशी बसा, चहा घ्या, "गौरींच्या आरासीत काय काय मांडायचात" असं विचारा. हा प्रश्न मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे घरगुती सर्कस वर्षभर पेटीत असायची आणि गौरी-गणपतीत, नाहीतर दिवाळीच्या किल्ल्याजवळ बाहेर निघायची, त्यामुळे "सर्कसचं मॉडेल आहे का" विचारलं तर नाही म्हणतील आणि आरासीचं विचारलं तर "अगंबाई, ती पेटी!" म्हणून आत जातील. आजोबांच्या हाताची वस्तू स्वस्तात उचलायची आणि चार पटीने पुढे विकायची हे कृपा करून करू नका. योग्य किंमत द्या, आणि घरातल्या पोरांना ती ठेवायची असेल तर ठेवू द्या, फोटो काढायला मागा.

हातात आल्यावर कसं तपासायचं

इथे वेळ घाला. उजेडात, टेबलावर पांढरा कागद पसरून, एक भिंग आणि एक यूव्ही टॉर्च घेऊन. नोटा तपासायची साधी यूव्ही टॉर्च इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते.

आधी उलटं करा. वरची बाजू सगळेच सजवतात, खालची बाजू खरं बोलते. हत्तीच्या पायाचा तळवा बघा, तिथे पटाशीचे घाव, करवतीच्या रेघा, कानशीची खरखर दिसेल. हाताच्या करवतीच्या रेघा तिरक्या आणि असमान असतात, गोल पात्याच्या मशीनच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या. जी जागा खेळताना घासते तिथेच झिजलेलं पाहिजे, म्हणजे सोंडेचं टोक, पाठ, पाय, पिंजऱ्याच्या दाराची कडी. सगळीकडे सारखाच झिजलेला प्राणी असेल तर तो सँडपेपरने "जुना" केलेला आहे.

मग जोड. जुना सरस पिवळट-तपकिरी, काचेसारखा ठिसूळ, कोपऱ्यात तडकलेला दिसतो. पांढरा डिंक वाळल्यावर पारदर्शक आणि रबरी राहतो, आणि फेव्हिकॉल बाजारात आलाच १९५९ मध्ये, तेव्हा १९२० ची म्हणून दिलेली गाडी पांढऱ्या डिंकाने जोडलेली निघाली तर एकतर ती नंतरची आहे किंवा दुरुस्त केलीय. प्लसचा स्क्रू १९३० च्या दशकाआधी नव्हताच. नायलॉनचा दोरा, प्लायवूड, प्लास्टिकचे मणी हे बघून पुढचं बोलणं करा. दुरुस्ती असणं वाईट नाही, घरात खेळलेली वस्तू दुरुस्त होणारच, पण विकणाऱ्याने ती सांगायला पाहिजे.

यूव्ही टॉर्च तंबूच्या कापडावर मारा. नव्या कापडात आणि साबण पावडरीत पांढरेपणासाठी जे रसायन असतं ते निळसर पांढरं चमकतं, ते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपासून वापरात आलं. पण एक सावधगिरी, जुनं मांजरपाट मागच्या वर्षी कोणी पावडरीत धुतलं असेल तर तेही चमकणार, म्हणून शिवणीच्या आतली बाजू बघा, तिथे धुण्याचा परिणाम कमी पोचतो.

आता "एकाच हाताचं आहे का" याचं उत्तर. डोळे बघा, प्राण्यांचे आणि माणसांचे. माझ्याकडे जुन्या नाशकातल्या एका वाड्यातून आलेली सर्कस आहे, तंबू धोतराच्या कापडाचा, झोक्याच्या दांड्या सायकलच्या स्पोकच्या, पिंजऱ्याचे गज छत्रीच्या काड्यांचे. तिच्यातल्या प्रत्येक माणसाचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा वर आहे, बँडमधल्या ढोलवाल्याचा, झोक्यावरच्या मुलीचा, रिंगमास्टरचा, आणि वाघाचासुद्धा. भुवई एकाच फटक्यात काढलेली, नाकाकडे जाड आणि कानाकडे बारीक होत गेलेली. बनवणारा बहुतेक आकृती डाव्या हातात धरून, मान एका बाजूला कलवून रंगवत असणार. याच सेटमध्ये एक उंट आहे, त्याचे डोळे सरळ रेषेत, भुवई नाही, बेस पातळ, तो उंट नंतर कोणीतरी आणून ठेवलाय, आणि तो मी त्यातच ठेवलाय, फक्त नोंदीत वेगळा लिहिलाय. असं बघायला शिकलात की विकणाऱ्याचं काहीही ऐकायची गरज उरत नाही. डोळे, बेसची जाडी, रंगाचा एखादा डबा जो सगळ्या नगांवर फिरलाय (बहुतेक वेळा दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटचा हिरवा असतो), हे जुळलं म्हणजे सेट एक.

नाशिकच्या वस्तूंना अजून एक खूण असते, पाण्याची. गोदावरीला १९६९ ला महापूर आला, २०१६ आणि २०१९ लाही पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं. पेटीच्या तळाशी एका उंचीवर पाण्याची रेघ, गाळाचा पिवळा थर दिसला तर तो खरवडू नका. पेटी कुठल्या भागात होती याचा तो पुरावा आहे.

प्राण्यांवरूनही अंदाज येतो. वाघ, सिंह, अस्वल, माकडं, बिबटे यांच्या खेळांवर १९९८ मध्ये बंदी आली आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पिंजऱ्यातला सिंह आहे म्हणून मॉडेल जुनं असं सिद्ध होत नाही, पण मोटरसायकलचा मृत्यूगोल, सायकलवरच्या मुली, पिंजरे एकही नाहीत असं असेल तर बनवणाऱ्याने कुठली सर्कस पाहिली होती ते कळतं.

भाव

घरगुती मॉडेलला बाजारभाव नसतो, त्यामुळे तुम्हीच ठरवायचं. मी तीन गोष्टींना पैसे देते, सेट पूर्ण आहे, मूळ रंग शाबूत आहे, कोणी बनवलं ते माहितीय. चकचकीत परत रंगवलेल्याला कमी. अर्धा सेट आज, अर्धा पुढच्या महिन्यात असं कोणी म्हणालं तर उसने पैसे काढून का होईना पण एकदम घ्या, नाहीतर सोडा. बिल मागा, साध्या कागदावर तारीख, वर्णन आणि सही असली तरी चालेल.

कायद्याचं

पुरावशेष कायदा १९७२ चा आहे, शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्यात येऊ शकते, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला गिफ्ट म्हणून कुरिअर करायच्या आधी पुरातत्त्व विभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा. दुसरं, हस्तिदंत आणि खरी कातडी. जुन्या मॉडेलमध्ये हत्तीचे सुळे खऱ्या हस्तिदंताचे किंवा वाघावर खऱ्या कातडीचा तुकडा चिकटवलेला असू शकतो, वन्यजीव कायद्यात त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. शंका आली की ती वस्तू घ्यायचीच नाही, कितीही सुंदर असो.

घरी आणल्यावर

धुवू नका. पितळेला चिंच, लिंबू, पितांबरी लावू नका. लाकडाला तेल चोळू नका. मऊ, कोरडा, बारीक ब्रश घ्या, मेकअपचा नवा ब्रश उत्तम, आणि धूळ हलकेच झटका, बस. रंगाचा पापुद्रा सुटत असेल तर हात लावू नका, जाणकार कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा. आणि परत रंगवणं हा विचारच मनात आणू नका, कारण वर सांगितलेला तो वाकडा डोळा एकदा झाकला गेला की त्या माणसाची सही गेली.

लाकडी वस्तू आली की आधी बाकीच्या कलेक्शनमध्ये ठेवू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून काही आठवडे वेगळी ठेवा, पिशवीच्या आत वस्तूखाली पांढरा कागद. कागदावर पिठासारखा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे, मग उपचार करूनच पुढे. डांबराच्या गोळ्या रंगाला आणि प्लास्टिकला चिकटतात, त्या नकोत. पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि छोटा ह्युमिडिटी मीटर लावा, पन्नास ते साठ टक्क्यांच्या आत राहिलं तर बुरशी धरत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आपल्याकडे ओल तिथूनच येते.

शिशाच्या आकृत्या असतील, ब्रिटनमध्ये बनलेल्या जुन्या सर्कशीत बऱ्याचदा असतात, तर त्या ओक किंवा नव्या एमडीएफच्या बंद कपाटात नकोत, त्या लाकडाच्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि आकृती पोखरली जाते. ॲल्युमिनियम-काचेचा शोकेस चांगला. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका. जुन्या ऑइलपेंटमध्येही शिसं असतं, त्यामुळे हाच नियम रंगीत लाकडी प्राण्यांनाही.

नोंद ठेवा

पेटी उघडलीत की एकही नग बाहेर काढायच्या आधी वरून फोटो घ्या. कुठला नग कशात गुंडाळला होता ते महत्त्वाचं, कारण गुंडाळलेलं वर्तमानपत्र म्हणजे तारीख. तो कागद फेकू नका. मग प्रत्येक नगाला नंबर, पण वस्तूवर पेनाने लिहू नका, सुती दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधा. वहीत उंची, कशाचं बनवलंय, काय तुटलंय, कोणाकडून घेतलं, किती दिले. आणि देणाऱ्या घरच्या माणसाला मोबाईलवर बोलतं करा, त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा, आजोबा काय काम करायचे, सर्कस कुठे पाहिली होती, स्पोक कुठून आणले. ते बोलणं आत्ता घेतलं नाही तर पुढच्या वर्षी सांगायला कोणी असेलच असं नाही.

मांडायची असेल तर गणपतीत मांडा, लोक येतात, बघतात, आणि त्यातलाच एखादा "आमच्या आत्याकडेही अशीच पेटी होती" म्हणतो. जुने पिवळे बल्ब नकोत, कापड तापतं, एलईडी पट्टी लावा आणि ती तंबूपासून लांब ठेवा. अगरबत्ती आणि कापूर दुसऱ्या टोकाला. उतरवताना आधी झोके काढा, मग तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, ढिले करा, खांब सगळ्यात शेवटी, नाहीतर जुनं कापड खांबाच्या टोकावर फाटतं.